ठकीची उंची

दिवा असा पलीकडे ठेवा, भिंतीकडे. हां, तिथे बरा आहे. पाठीमागून उजेड आला की समोर आपलीच सावली पडते, आणि मग बोलताना माझं सगळं लक्ष तिच्याकडे जातं. हा धंद्याचा रोग आहे, हसू नका.

धंदा काय ते आधी सांगतो. कुठेही मोठी इमारत उभी करायची म्हटलं की परवानगीआधी पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. आमचं ऑफिस ते अहवाल तयार करतं. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला एकेक गोष्ट आलेली. एक बाई धूळ बघतात, एक जण आवाज मोजतो, एक गृहस्थ झाडं मोजत हिंडतात आणि झाडांइतकंच बोलतात. माझ्याकडे सावली. नवी इमारत झाली तर शेजाऱ्यांच्या कुठल्या खिडकीतलं ऊन किती जाईल, ते काढायचं. ऑफिसात मला 'सावल्या' म्हणतात. बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणते.

नियम तसा साधा आहे. ज्या खोलीत माणूस रोज वावरतो, ती राहती खोली. तिचं ऊन मर्यादेपलीकडे कमी होत असेल, तर बिल्डरला मजले कमी करावे लागतात नाहीतर इमारत मागे सरकवावी लागते. अडगळीची खोली, जिना, न्हाणीघर यांचं ऊन कोणी विचारत नाही. आणि हे सगळं मोजायचं ते थंडीतल्या लहान दिवसांत, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात.

अशाच एका थंडीत, सकाळचा डबा घेऊन मी एका घरी गेलो.

दोन उंच इमारतींच्या मध्ये पाडलेल्या जुन्या गोदामाची जागा होती. त्या जागेवर टॉवर यायचा होता. जागेच्या मागे एक गल्ली, आणि गल्लीत एक दुमजली घर. गोदाम बुटकं होतं म्हणून त्या घराला इतकी वर्षं ऊन मिळालं होतं. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, फक्त त्या मधल्या फटीतून. फट बुजली की संपलं. हे मला गल्लीत उभ्या उभ्याच कळलं, यंत्र बाहेर काढायचीसुद्धा गरज नव्हती.

दार एका वयस्कर गृहस्थांनी उघडलं. स्वेटरची बटणं एक सोडून एक लावलेली. मी ओळखपत्र दाखवलं, काम सांगितलं. त्यांनी खालच्या दोन्ही खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं, चहाचंही विचारलं.

"वर?" मी विचारलं.

"वर एक खोली आहे. अडगळीची." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ती बघायची गरज नाही."

आता मी येताना गल्लीतून वरची खिडकी बघितली होती. चांगली उंच, जवळजवळ जमिनीपासून वरपर्यंत गेलेली. तिची काच लख्ख होती. अडगळीच्या खोलीची काच कोणी पुसत नाही. मी तसं म्हणालो नाही, पण नजर वर गेली असावी, कारण जिन्यावरून एका बाईंचा आवाज आला.

"येऊ द्या त्यांना. ऊन यायची वेळ झालीय."

त्या खाली आल्या नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, बारीक चणीच्या, अंगावर जुनी शाल. काका स्वयंपाकघरात निघून गेले आणि त्यांनी उगाचच नळ सोडला.

मी वर गेलो. खोलीत जवळजवळ काही नव्हतं. भिंतीला लागून एक लहान पलंग, दाराजवळ एक खुर्ची, आणि मधली सगळी जमीन मोकळी. इतकी स्वच्छ, की मी दाराबाहेर बूट काढले. अडगळीचा पत्ता नव्हता. फक्त वास होता. औषधाचा, स्पिरिटचा, आजाऱ्याच्या खोलीला येतो तो. खिडकी तर सताड उघडी होती.

"आजारी आहे का कोणी?" मी विचारलं.

"होती," काकू म्हणाल्या. "मुलगी. ठकी म्हणायचो आम्ही, भारी लबाड होती म्हणून. नववं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले उन्हात ठेवा, म्हणून ही खोली दिली तिला. थंडीभर ऊन खाल्लं पोरीने. काही उपयोग झाला नाही."

मी मान हलवली आणि कामाला लागलो. अशा वेळी काम बरं पडतं.

आमची पद्धत अशी. तिपाईवर उजेड मोजायचा मीटर लावायचा, खोलीच्या मध्यावर ठेवायचा, आणि ऊन आत शिरलं की त्याची कड खडूने जमिनीवर आखत जायची. एकच पथ्य. खिडकी आणि मीटरच्या मध्ये कोणी यायचं नाही. कोणी आलं की आकडा धाडकन पडतो. पण घरातली माणसं बघायला येतातच, वाकतात, विचारतात. त्यामुळे 'जरा बाजूला व्हा' हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय, की झोपेतसुद्धा म्हणतो, असं बायको सांगते.

ऊन आलं. आधी खिडकीच्या चौकटीवर, मग जमिनीवर, पिवळं आणि सरळ. मी गुडघ्यावर बसून कड आखू लागलो. आकडा चढत होता. मध्येच तो पडला.

"काकू, जरा बाजूला व्हा," मी वर न बघताच म्हणालो. "सावली पडतेय."

सावली सरकली. आकडा पुन्हा चढला. मी पुढची रेघ आखली.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. आकडा खाली. या वेळी माझ्या हातावर, खडूवर, पातळशी सावली आलेली दिसली. डोकं, खांद्यावर आलेली वेणी. कोणीतरी ओणवं होऊन मी काय करतोय ते बघत होतं.

"काकू... जरा..."

"मी इथे आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्या मागे."

मी वळून बघितलं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हात मांडीवर. मी पुन्हा खिडकीकडे बघितलं. खिडकी, आणि पलीकडे मोकळं आकाश. मध्ये कोणी नव्हतं. जमिनीवर सावली होती.

खालून नळाचा आवाज येत होता, तो मला आठवतो, कारण त्या एका आवाजाला धरून मी तिथे बसून राहिलो.

"घाबरू नका हो," काकू हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर सरकते ती. शहाणी आहे माझी बाई."

आणि खरंच, सावली बाजूला झाली. मीटरला वाट करून दिली. आकडा चढला.

तुम्ही म्हणाल, पळालो का नाही. मला पळायचं होतं. पण एखादं मूल तुमच्या सांगण्यावरून निमूट बाजूला होतं, तेव्हा त्याच्याकडे पाठ करून पळता येत नाही. निदान मला आलं नाही.

काकू बोलू लागल्या. त्यांना बोलायला कोणी नसावं. ठकी गेल्यानंतरच्या थंडीत त्या हीच खोली झाडत होत्या आणि भिंतीवर कुत्र्याची सावली आली. खराखुरा कुत्रा नव्हे, दोन्ही हातांची बोटं जुळवून मुलं करतात तो. अंथरुणात पडल्या पडल्या ठकी दिवसभर तेच करायची. कुत्र्याने तोंड उघडलं, मिटलं. काकूंच्या हातातला झाडू गळून पडला.

"उन्हाळ्यात नाही येत," त्या म्हणाल्या. "ऊन तेव्हा चौकटीवरच थांबतं. थंडीत आत येतं, तेव्हा येते. मी आपलं मनाला सांगते, वसतिगृहात ठेवलीय पोरीला. सुट्टीला घरी येते. दुपारचं जेवण मी हिच्यासमोर बसून करते. बोलत नाही ती. पण तेवढं ऊन आहे तोवर इथून हलत नाही."

मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि माझ्या जवळ येऊन बसल्या. आवाज आणखी खाली गेला.

"तुम्हाला सावलीवरून उंची काढता येते ना?"

"येते," मी म्हणालो. येतेच. सूर्य किती वर आहे ते माहीत असलं आणि सावलीची लांबी मोजली, की वस्तूची उंची निघते. इमारतींची आम्ही रोज काढतो.

"मग सांगा ना... केवढी झालीय माझी मुलगी?"

त्या बाईला भीती नव्हती, शंका नव्हती. शिंप्याकडे पोरीला घेऊन आलेल्या आईसारखी ती माझ्या टेपकडे बघत होती.

मी टेप काढला. काकू खिडकीकडे बघून म्हणाल्या, "सरळ उभी राहा गं. साहेब माप घेतायत." सावली सरळ झाली. हात अंगाला लावून, मुलं उभी राहतात तशी. जिथे सावली सुरू होत होती, तिथे मी टेपचं टोक ठेवलं. बोटांना तिथली फरशी गार लागली. बाकी सगळी फरशी उन्हाने कोमट झाली होती, तेवढीच गार. टेप डोक्यापर्यंत नेला. आणि माझ्या डोळ्यांसमोर सावली थोडी लांब झाली.

काकू खुदकन हसल्या. "टाचा खाली, ठके!"

सावली आखूड झाली.

मी हसलो नाही हो. मला रडू येत होतं. मी माप घेतलं, पाठ वळवून हिशेब केला आणि सांगितलं, "तुमच्या कानापर्यंत येईल."

"गेल्या वर्षी खांद्याला होती," काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या कानाशी हात आडवा धरून बघितलं. "बापावर गेलीय. माझ्या पुढे जाणार ही."

ऊन सरकत सरकत भिंतीपर्यंत गेलं, पिवळं होऊन विझलं. सावली कधी गेली ते मला कळलं नाही. मी सामान आवरलं. निघताना काकूंनी माझी बाही धरली.

"साहेब, तो टॉवर झाला की ऊन बंद होणार ना?"

"हो."

"मग लिहा तुम्ही. इथे माणूस राहतं म्हणून लिहा. मी राहते, खोटं नाही ते. माझं सगळं जाऊ द्या, खाली अंधार झाला तरी चालेल. ही एक खिडकी तेवढी..."

मी लिहिलं. वरच्या मजल्यावर राहती खोली, रोजचा वापर, ऊन पूर्ण जाणार, वरचे मजले कमी करावेत. खडूच्या रेघा, आकडे, सगळं व्यवस्थित जोडलं. मध्येच पडलेल्या आकड्यांसमोर 'व्यक्तीची सावली' असं लिहितात, तसं लिहिलं. आमच्या साहेबांनी वाचून मान डोलावली. मला वाटलं, झालं काम. त्या रात्री मी बायकोला काही सांगितलं नाही, पण आमच्या पोराच्या अंगावर पांघरूण घालायला दोनदा उठलो.

पुढच्याच आठवड्यात काका ऑफिसात आले. या वेळी स्वेटरची बटणं नीट होती. घर त्यांच्या नावावर होतं. त्यांनी रीतसर जबाब दिला, की वरच्या खोलीत कोणी राहत नाही, ती अडगळीची आहे, टॉवरला आमची हरकत नाही.

मी त्यांना जिन्यात गाठलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

"काका, हे काय केलंत? काकू दिवसभर तिथे असतात."

"असते ना." त्यांनी कठड्याला हात टेकला. "तिथे जाते ती. आणि येताना पूर्ण परत येत नाही, साहेब. दर थंडीत थोडी थोडी कमी होऊन येते. बघितलंत ना कशी झालीय? मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकते."

"पण... ठकी..."

"मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला वाकावं लागलं. "पहिल्या वर्षी मीही बसलो तिथे. जीव लावला होता मी पोरीला. पण गेलेलं मूल वाढत नाही हो, साहेब. ही वाढतेय. ती मोठी होतेय आणि माझी बायको लहान होतेय. दोघी सारख्या झाल्या की काय होईल, सांगा. मुलगी गेली. आता बायको जाऊ देऊ?"

काकूंचं ऐकलं तेव्हा त्या बरोबर वाटल्या होत्या. आता हा माणूसही बरोबर वाटत होता, आणि दोघांच्या मध्ये एक खिडकी होती. तो डोळे पुसत जिना उतरला आणि मी वरच्या पायरीवर तसाच उभा राहिलो.

मालकाचा जबाब आल्यावर साहेबांना ती खोली मोजणीतून काढावी लागली. परवानगी मिळाली.

पावसाळा संपेपर्यंत टॉवर बराच वर आला होता. मी त्या बाजूला जायचं टाळत होतो. पण ऊन तिरपं होऊ लागलं तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. मग एके दिवशी काकूंचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. चौकशी नाही, तक्रार नाही, रडणं नाही.

"साहेब, ठकी आलीय. पण ऊन लवकर जातं आता. रोज लवकर. तुम्हाला काढता येईल ना, शेवटचा दिवस कुठला ते?"

काढता येतं. सूर्य रोज थोडा खाली उतरतो. टॉवरचा माथा कुठवर आला ते माहीत असलं, की सूर्य कोणत्या दिवशी त्याच्यामागे जाईल ते निघतं. मग थंडीभर तो मागेच राहणार होता, आणि पुढच्या वेळेपर्यंत टॉवर पूर्ण झालेला असणार होता. कागदावर ते काढायला मला फार वेळ लागला नाही. सांगायला मात्र लागला.

मी तारीख सांगितली.

"तुम्ही याल?" त्या म्हणाल्या. "आम्हाला नीट कळणार नाही, किती राहिलंय ते."

आम्हाला, म्हणाल्या त्या.

मी रजा टाकून गेलो. काकांनी दार उघडलं, माझा हात हातात घेतला आणि माझ्यामागून जिना चढले. मला वाटतं, कित्येक वर्षांत ते पहिल्यांदा वर आले असतील. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर भिंतीला धरून उभे राहिले.

काकू जमिनीवर बसल्या होत्या. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतली साडी. खिडकीत आता आकाश नव्हतं. राखाडी भिंत, तिच्या टोकाला उभ्या सळ्या, आणि त्यांच्यावर अगदी थोडीशी निळी पट्टी. बांधकाम जेवणाच्या सुट्टीमुळे थांबलं होतं. इतकी शांतता, की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. स्पिरिटचा वास त्या दिवशी फार होता.

सूर्य टॉवरच्या माथ्यावर आला आणि ऊन उतरलं. सगळ्या खोलीभर नाही, एक पट्टा फक्त, दाराकडच्या अर्ध्या जमिनीवर. त्यात ती होती. मोठी झाली होती. वेणी कमरेपर्यंत. मला माप घ्यायची गरज पडली नाही. तिच्यासमोर काकूंची सावली पडली होती, बसलेली, आणि आखूड.

"किती?" काकूंनी विचारलं.

"थोडंच," मी म्हणालो. "घड्याळाचा मोठा काटा... फार नाही."

पट्टा दोन्ही बाजूंनी बारीक होऊ लागला. ठकीची सावली आक्रसून आत आली. मागे सरकायला जागा उरली नव्हती, म्हणून ती आईच्या सावलीजवळ आली. लहान मूल भिंतीला चिकटतं तशी. मी इतक्या वर्षांत खूप सावल्या बघितल्या, पण घाबरलेली सावली तेवढीच.

"नाही गं, नाही गं," काकू पुटपुटत होत्या. "मी आहे ना. एकटी नाही पाठवत तुला..."

उंबऱ्याबाहेर काकांनी हुंदका दिला. "ऐक ना," ते म्हणाले. "इकडे ये. ये ना आता इकडे."

काकूंनी हात पुढे केला. जमिनीवर त्यांच्या सावलीचा हात पुढे गेला आणि ठकीच्या हाताला भिडला. बोटं बोटांत गेली. मग दोन सावल्यांमधली रेघ मला वेगळी काढता येईना. पट्टा सुतळीएवढा झाला, आणि गेला.

खोलीत साधा, पांढरट उजेड राहिला. स्पिरिटचा वास कमी होत होत नाहीसा झाला. खाली कुठेतरी कामगारांची शिट्टी वाजली.

मला वाटलं काकू कोसळतील. काकाही धावायच्या बेतात होते. पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला. चहा टाकते. साहेब उपाशी असतील."

खाली त्यांनी चहा केला. आमच्याबरोबर बसून प्यायल्या, वर पाव भिजवून खाल्ला. काका त्यांच्याकडे एकटक बघत होते. मग म्हणाल्या, "तुमच्या स्वेटरचं एक बटण सैल झालंय, काढून ठेवा, लावून देते." एवढ्यावर काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कप ठेवायला उठल्याचं निमित्त करून ते माझ्या कानाशी वाकले.

"आली हो," ते म्हणाले. "परत आली माझी बायको."

मलाही बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं म्हटलं.

निघालो तर दोघेही सोडायला आले. काकांचा आग्रह, की कोपऱ्यापर्यंत येतोच, हिलाही जरा हवा लागेल. त्यांनी काकूंचा हात आपल्या कोपरात घेतला होता. गल्लीभर टॉवरची सावली पसरली होती, तिच्यातून आम्ही तिघं चालत होतो. काका खूप बोलत होते. टॉवरखाली म्हणे दुकानं येणार, भाजीला लांब जायला नको. काकू हं हं करत होत्या.

कोपऱ्यावर सावली संपली आणि आम्ही उन्हात आलो. लख्ख ऊन, समोर रस्त्यावर पडलेलं. सवयीने माझी नजर खाली गेली.

माझी सावली होती. तिच्या पलीकडे काकांची होती. मध्ये रस्ता होता, कोरा, खडी दिसणारा.

मी थांबलो. काकांना काही कळलं नाही, ते शेजाऱ्याला हात करत होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं. डोळे शांत होते आणि फार दमलेले.

"एकटीला कसं पाठवणार हो?" त्या म्हणाल्या, ओठ हलले न हलले इतपत. "अंधार आहे तिकडे. लहान आहे ती."

"काकू..."

"यांना सांगू नका. यांना मी पाहिजे होते ना, म्हणून मी राहिले. आहे तोवर आहे."

"कसलं खलबत चाललंय?" काका वळून हसत म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. "निघतो म्हटलं."

"या परत. आता कामाशिवाय या." मग त्यांनी काकूंचा हात चोळला. "किती गार पडलीस गं. चल, घरी चल."

ते वळले. मला निघायचं होतं, पण पाय निघेना. गल्लीतली सावली लागेपर्यंत चार पावलं ऊन होतं. काका तोंडाने बोलत, सांभाळून, पावलाला पाऊल जुळवत तिला नेत होते. रस्त्यावर त्यांची एकट्याची सावली चालली होती. तिचा एक हात कोपरात वाकलेला होता, कोणाला तरी धरून चालल्यासारखा, आणि त्या हातात काही नव्हतं.